भीतीचा भाव कळलेल्या शुभदाताई

शुभदाताई निमकरांचा मी सहा वर्षं हेवा केला. मनापासून आणि नेमाने केला. आधी त्यांच्या डोक्याचा, मग त्यांच्या पैशाचा आणि नंतर तर त्यांच्या घरातल्या चहाचासुद्धा.

सिडनीच्या गिरावीन उपनगरात त्या आमच्याच रस्त्यावर तीन घरं सोडून राहायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट, केसांचा घट्ट अंबाडा आणि अंगात मापापेक्षा दोन नंबर मोठं पिवळंधमक फ्लुरो जॅकेट. आमच्या मुलीच्या, रेवाच्या, शाळेसमोर 'स्टॉप'ची पाटी धरून त्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायच्या. सकाळी दीड तास, दुपारी दीड तास. मिरजेच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. इथे शिकवायचं तर पुन्हा शिका, फी भरा, परीक्षा द्या. त्यांचे यजमान श्रीपादराव पावाच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर, मुलगा तेव्हा युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत. "तो मार्गाला लागू दे, मग बघू माझं," असं म्हणून त्यांनी पाटी हातात घेतली.

आमची रेवा घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच बोलते. पाढ्यांसाठी मी दोन अ‍ॅप्स विकत घेतली होती, तिने ती उघडूनही पाहिली नाहीत. शुभदाताई मात्र गाड्या थांबवता थांबवता मुद्दाम चुकीचं विचारायच्या, "काय गं रेवा, नऊ सक छप्पन्न ना?"

"नो! चोपन्न!" रेवा रस्त्याच्या मधोमध ओरडायची. पलीकडे पोचेपर्यंत नवाचा पाढा पुरा व्हायचा. मी कारमध्ये बसून बघायचो आणि मला बरं वाटण्याऐवजी त्यांचा हेवा वाटायचा.

माझा स्वतःबद्दलचा समज मोठा होता. पुण्याची इंजिनियरिंगची डिग्री, सिडनीत फायनान्सचं मास्टर्स, एका बँकेच्या रिस्क डिपार्टमेंटमध्ये नोकरी. आमच्या ग्रुपमध्ये पैशांचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघत. आमच्या वास्तुशांतीच्या दिवशीही बॅकयार्डमध्ये चार-पाच जण मला घेरून बसले होते आणि मी भीतीच्या फंडांबद्दल बोलत होतो. अमेरिकेच्या बाजारात एक निर्देशांक असतो, लोक पुढच्या महिन्याभरासाठी किती धास्तावलेत ते तो सांगतो. त्याला बांधलेले फंड शेअरसारखे विकत मिळतात. बाजार कोसळला की ते उसळतात. मी सांगितलं, "विमा म्हणून असा एक फंड घेऊन ठेवायचा आणि विसरून जायचं."

शुभदाताई पुरणपोळ्यांचं ताट घेऊन दारातून येत होत्या. थबकून म्हणाल्या, "विसरून कसं चालेल रे मिलिंद? तो गळतो ना."

"गळतो म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

त्यांनी ताट खाली ठेवलं, मुलांच्या टेबलावरून एक कागदी प्लेट आणि स्केचपेन आणलं. "हे बघा. लोकांना पुढची भीती आजच्यापेक्षा महाग वाटते. फंडाला सतत जुनी भीती स्वस्तात विकून नवी महागात घ्यावी लागते. म्हणजे ही गळकी बादली झाली. एरवी थेंब थेंब गळत राहते. मधूनच कुणीतरी नळ सोडतं, तेव्हा भसकन भरते. मग पुन्हा गळायला लागते."

"मग वहिनी, पैसे कधी करायचे?"

"भरलेली असताना. तेव्हाही लगेच हात घालायचा नाही. गळायला लागली की तो फंड ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क घ्यायचा. त्याला पुट म्हणतात. चुकलात तर हक्कासाठी दिलेले पैसे गेले. त्याहून एक डॉलरही जास्त जाणार नाही."

हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत मी यावर चार पानं लिहिली होती. पण त्या दिवशी बोलताना ते डोक्यात आलं नाही आणि त्यांच्या आलं. एकाने ती प्लेट घडी घालून खिशात ठेवली. पाहुणे गेल्यावर माझी बायको मुग्धा भांडी आवरता आवरता म्हणाली, "किती सोपं करून सांगितलं ना त्यांनी? तू सांगतोस तेव्हा मला काहीच कळत नाही."

त्या हे सगळं शिकल्या कुठे, तर स्वयंपाकघरात. अमेरिकेचा बाजार इथे सिडनीत पहाटे किंवा सकाळी बंद होतो, हिवाळ्यात सहाला, ऐन उन्हाळ्यात आठला. त्या शेवटचा तासभरच बसायच्या. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला श्रीपादरावांच्या डब्याची भाजी. सौद्याआधी वहीत एक वाक्य लिहायचा त्यांचा नियम होता, 'मी हे का करते आहे?' आणि त्याचं उत्तर. उत्तरात कुठेही 'पण' आला की सौदा रद्द. "'पण' आला म्हणजे मला ठाऊक असतं की चुकतंय," त्या म्हणायच्या, "फक्त कबूल करायचं नसतं." कधी कधी महिना महिना त्या काहीच करायच्या नाहीत. नुसतं बघायच्या.

शेजारच्या पेंडल हिलला स्टेशनजवळच्या दुकानात त्या भाजी घ्यायला आल्या की गल्ल्यावरचे भाईसाहब हात जोडायचे. "भाभीजी, एक टिप दे दो. सिर्फ एक."

"बालटी में छेद है, भाईसाहब. यही टिप है," असं म्हणून त्या मेथीच्या जुड्या निवडायला लागायच्या. सगळे हसायचे. मी मागे रांगेत उभा असायचो. मला कुणी टिप मागितली नव्हती.

आणि त्यांना पैसे मिळत होते. किती ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मुलाची फी फिटली, श्रीपादरावांनी नाइट शिफ्ट सोडली. मी महिन्याच्या पगारातून घराचे हप्ते भरत होतो आणि दर सोमवारी बँकेत इतरांच्या धोक्यांचे तक्ते करत होतो.

मग मी ठरवलं की आपणही करायचं, आणि त्यांच्यापेक्षा हुशारीने करायचं. त्या पुट विकत घ्यायच्या, मी कॉल विकायला लागलो. म्हणजे समोरच्याला हक्क द्यायचा की ठरलेल्या भावाला हा फंड माझ्याकडून घे, आणि त्या हक्काचे पैसे आधीच खिशात टाकायचे. फंड गळतोच आहे, मग तो हक्क वापरणार कोण? दर महिन्याला भाडं आल्यासारखे पैसे यायला लागले. शुभदाताईंनी एकदा सहज बोलताना बजावलं होतं, "कॉल कधी विकू नये बाबा. बादली भरायला लागली की तिला काठ नसतो." मी मान डोलावली होती. तेव्हा माझे दहा कॉल विकलेले होते.

यात गुंतवलेले पैसे आई-बाबांच्या खोलीचे होते. परसात एक छोटी स्वतंत्र खोली, इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात ती, बांधायची, म्हणजे दोघं पुण्याहून आले की सहा महिने निवांत राहतील, असं मी आणि मुग्धाने ठरवलं होतं. मुग्धाला मी यातलं काही सांगितलं नाही. खोली बांधून झाल्यावर सांगणार होतो, सगळ्यांच्या समोर. त्या सगळ्यांत शुभदाताई असायलाच हव्या होत्या, हेही इथे सांगून टाकतो.

पाच महिने चांगले गेले. सहाव्या महिन्यात, थंडी सरता सरता, एका सोमवारी अमेरिकेत बाजार कोसळला. मंगळवारी पहाटे पाचला फोनच्या आवाजाने जाग आली. ब्रोकरचा मेसेज होता, खात्यात आणखी पैसे भरा, नाहीतर आम्ही सौदे मोडू. फंड एका रात्रीत जवळजवळ दुप्पट झाला होता. मी बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पुन्हा आकडा बघितला. जाग्या असलेल्या माणसांत मला एकच माणूस आठवलं, आणि तेच मला नको होतं. तरी मी लॅपटॉप काखेत मारून स्लिपर्सवर निघालो.

त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता. श्रीपादराव कणीक मळत होते. शुभदाताईंनी स्क्रीनकडे बघितलं. ओरडल्या नाहीत, 'सांगितलं होतं ना' म्हणाल्या नाहीत.

"किती विकलेस?"

"चाळीस."

"मुग्धाला माहीत आहे?"

मी स्क्रीनकडे बघितलं.

"आधी तिला उठवून आण."

"ताई, सहाला बाजार बंद होतो! आत्ता वेळ नाही."

"पाच वाजून वीस मिनिटं झालीत. तीन घरं लांब आहे. तिच्या पैशाला तिच्या मागे मी हात लावू देणार नाही."

घरी जाऊन मी मुग्धाला उठवलं आणि अंधारातच सगळं सांगितलं. दिवा लावायचा मला धीर झाला नाही. ती उठली. अंगावर कोट चढवला, झोपलेल्या रेवाला पांघरुणासकट उचललं आणि माझ्यापुढे चालायला लागली.

"हे उतरेल ना, ताई?" मी टेबलाशी बसल्यावर विचारलं. "दोन आठवड्यांत उतरेलच ना?"

"उतरेल. मलाही वाटतं उतरेल. पण तोवर तुला कोण उभं राहू देईल? उद्या आणखी चढलं तर ब्रोकर तुला विचारणार नाही."

"मग सौदे मोडायचं बटण तुम्हीच दाबा."

"नाही. दाबायचं तुम्ही दोघांनी."

पावणेसहाला मी चाळीस कॉल चढ्या भावाने परत विकत घेऊन सौदे मिटवले. मुग्धा माझ्या खांद्यामागे उभी होती. आई-बाबांची खोली गेली, वर आणखी थोडे गेले. श्रीपादरावांनी चौघांना चहा दिला. तो मी प्यायलो नाही. सव्वासातला शुभदाताईंनी जॅकेट चढवलं आणि त्या नेहमीसारख्या क्रॉसिंगवर गेल्या.

पुढे काय झालं ते सांगायला लाज वाटते. त्या रात्री फंड आणखी चढला. सौदे न मोडता थांबलो असतो तर घराचे हप्ते थकायची वेळ आली असती. पण तिसऱ्या दिवसापासून तो उतरायला लागला आणि दोन आठवड्यांत होता तिथे आला. शुभदाताईंनी तिसऱ्या दिवशी वहीत एक वाक्य लिहून पुट घेतले होते. ज्या उताराने मी वाचायला हवा होतो त्याच उताराने त्यांना पैसे दिले. मुग्धाकडून हे कळलं तेव्हा मी इतका चिडलो की जेवणावरून उठलो. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मला वाटत होतं लुटलं.

एका संध्याकाळी कचऱ्याचे बिन्स बाहेर काढताना श्रीपादराव भेटले. मितभाषी माणूस. म्हणाले, "हिचेही गेले होते, बरं का. तुमच्यापेक्षा जास्त."

"शुभदाताईंचे?"

"तुम्ही यायच्या आधी. तेव्हा एक उलटा फंड होता. लोक शांत असले की वाढायचा. दोन वर्षं नुसता वाढला. आणि एका सकाळी उठलो तर संपला. म्हणजे पडला नाही, बंदच केला त्यांनी. माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचे सगळे त्यात होते. ही बाहेर आली, मी इथेच होतो, बिनपाशी. म्हणाली, सगळे गेले. मी विचारलं, सगळे? म्हणाली, सगळे. म्हटलं, चहा टाकू?"

"राग नाही आला?"

"आला की. आठ दिवस होता. पण ती लगेच सांगायला आली होती ना. रागावलो तरी दोघं एकाच खोलीत होतो." त्यांनी बिनचं झाकण नीट बसवलं. "मग तिने वही केली."

मी घरात आलो. मुग्धा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आमच्याकडे पाच महिने दोन खोल्यांत दोन माणसं राहत होती आणि त्यांतल्या एकाला ते ठाऊकच नव्हतं. त्या रात्री मला शुभदाताईंच्या पैशाचा हेवा वाटला नाही. त्या चहाचा वाटला.

मुग्धा शनिवारी त्यांच्याकडे शिकायला जायला लागली. "मला आपले पैसे कळायला हवेत," एवढंच म्हणाली. मी कधी रेवाला आणायला गेलो की खिडकीतून हसण्याचा आवाज यायचा. आमच्या घरात तेव्हा तो आवाज नव्हता. हळूहळू आला, पण येताना त्यांच्याकडूनच आला. आई-बाबा त्या वर्षी आले आणि रेवाच्या खोलीत राहिले. बाबांचे गुडघे दुखायचे, टॉयलेट जिना चढून वर होतं. रोज पहाटे त्यांची कठड्याला धरून चढणारी पावलं मी ऐकायचो. त्यांना मी कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे," आणि दुसऱ्या दिवशी शुभदाताईंकडे जाऊन बसले. तिथे त्यांचं जमायचं. दोघंही मिरजेच्या गाण्याच्या मैफिलींबद्दल बोलायचे.

आता माझी सर्वांत वाईट गोष्ट. वर्षभराने श्रीपादरावांच्या कंपनीने त्यांना अ‍ॅडलेडला पाठवायचं ठरवलं. मुलगा तोवर नोकरीला लागला होता. शुभदाताई एका दुपारी घरी आल्या, हातात फाइल. थोड्या लाजल्यासारख्या दिसल्या. त्यांना मी तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"मिलिंद, तिकडे युनीत गणिताला अर्ज करते आहे. माझ्या वयाच्या माणसांसाठी वेगळा प्रवेश असतो. माझ्या गणिताबद्दल कुणीतरी पत्र द्यावं लागतं, इथे शिकलेल्या माणसाने. मला तुझ्याशिवाय कोण आहे?"

"अहो, लगेच देतो."

"तुझं डिग्रीचं सर्टिफिकेट भिंतीवर बघते ना, तेव्हा फार वाटतं रे," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पत्र लिहायला अर्धा तास पुरला असता. मी पहिल्या रविवारी बसलो आणि 'अपवादात्मक बुद्धिमत्ता' असं लिहून लॅपटॉप मिटला. दुसऱ्या रविवारी गाडी धुतली. माझ्याकडे त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट होती आणि तीही मीच सही करून द्यायची होती. त्यांनी एकदा आठवण केली. मी म्हटलं, "नो वरीज, होतंच आलंय." मुदत टळली. त्यांचे सहा महिने गेले.

मी सांगायला गेलो, ऑफिसात फार काम होतं वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या वाक्यात 'पण' नाहीये, मिलिंद. पाठ करून आलास."

एवढंच. त्यांनी मुग्धाला काही सांगितलं नाही. मीच सांगितलं, त्याच दिवशी, दिवा लावून. मग तिने स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं. तिची डिग्री इथली नव्हती, म्हणून सोबत शनिवारी शुभदाताईंनी शिकवलेल्या गणितांची पंधरा पानं जोडली. पुढच्या प्रवेशाला ते चाललं.

निमकर गेले. क्रॉसिंगवर एक उंच ऑस्ट्रेलियन आजोबा आले. रेवा त्यांना "गुड मॉर्निंग" म्हणते आणि गप्प रस्ता ओलांडते.

गेल्या वर्षी कामासाठी मला अ‍ॅडलेडला जावं लागलं. मुग्धाने चिवड्याचा डबा दिला. "स्वतः जाऊन दे," ती म्हणाली. काम संपवून मी त्यांच्या युनीच्या मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर गेलो. शुभदाताईंनी मेसेजमध्ये खोलीचा नंबर कळवला होता, तीन वाजता क्लास सुटेल म्हणून.

खोलीला काचेची भिंत होती. आत दहा-बारा पोरं, वीस-एकवीस वर्षांची, त्यांत दोन-तीन आपल्याकडची. शुभदाताई बोर्डापाशी उभ्या होत्या, निळ्या स्वेटरमध्ये, हातात मार्कर. बोर्ड अर्धा भरला होता. मी सवयीने वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीवर अडकलो. तिथे त्यांनी वजाचं चिन्ह अधिक केलं होतं. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या सगळ्या ओळी चुकत चालल्या होत्या आणि मला, कबूल करतो, छातीत हलकं वाटलं.

शिकवणारा मुलगा त्यांच्या मुलाच्या वयाचा असेल. काचेतूनही ऐकू आलं, "नॉट क्वाइट, शुभदा."

त्या दोन पावलं मागे आल्या, कमरेवर हात ठेवून बोर्ड न्याहाळला. मग चूक सापडली. आणि त्या हसल्या. मोठ्याने, मान मागे टाकून, एखादी भेट मिळाल्यासारख्या. अख्खा वर्ग हसला, तो मुलगाही. त्यांनी डस्टर शोधलं नाही, तळहातानेच पाच ओळी पुसून टाकल्या आणि निळ्या झालेल्या हाताने पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागल्या.

तीनला अजून दहा मिनिटं होती. मी थांबू शकलो असतो. मी खाली रिसेप्शनवर आलो, डबा ठेवला आणि शुभदाताईंचं नाव, खोलीचा नंबर सांगितला.

"अँड हू इज इट फ्रॉम?" तिथल्या मुलीने पेन उघडत विचारलं.

मी मुग्धाचं नाव सांगितलं.